खुर्चीआधी डोके कुठे येणार ते ठरवा

मागील अंकात घरच्या पडद्याविषयी लिहिल्यानंतर जी पत्रे आली, त्यांत पडद्यापेक्षा बसण्याच्या व्यवस्थेचेच प्रश्न अधिक निघाले. बेळगाव शहर, खानापूर, निपाणी, संकेश्वर अशा ठिकाणांहून आलेल्या या पत्रांत खुर्ची कोणती घ्यावी हे बहुतेकांनी विचारले आहे. ती खोलीत नेमकी कुठे ठेवावी, हे मात्र एकानेही विचारलेले नाही. मला स्वतःला ही चूक महागात पडली आहे. मी तीन आसनी रिक्लायनर (पाठ मागे रेलणारा आणि पायाची पट्टी उघडणारा सोफा) आधी घेतला आणि खोली नंतर मोजली. पाय लांब केले की दार अडत असे, म्हणून तो मागच्या भिंतीला सरकवला, आणि मग पाठ मागे रेलता येईना. वर्षभर आम्ही त्या महागड्या आसनावर एसटीच्या बाकावर बसल्यासारखे ताठ बसून चित्रपट पाहिले. त्यामुळे पुढील उत्तरांत फीत आणि खडू यांचा उल्लेख वारंवार आला, तर वाचकांनी समजून घ्यावे.

प्रश्न : आमच्या माडीवर १८ फूट लांब आणि १२ फूट रुंद अशी खोली आहे. अरुंद भिंतीवर १०० इंची पडदा लावणार आहोत. तीन-तीन रिक्लायनरच्या दोन रांगा सहज बसतील, असे दुकानदार म्हणतात. घरात आम्ही दोघे, सासूबाई आणि शाळेत जाणारी तीन मुले आहोत. सहा आसने घ्यावीत का?
– एक वाचिका, शहापूर, बेळगाव

उत्तर : घेऊ नयेत. तीन पुरेत, आणि उरलेल्या तिघांची सोय आपल्या घरात बहुधा आधीपासूनच आहे.

१०० इंच हे पडद्याच्या कर्णाचे माप असते. सध्याच्या १६ बाय ९ प्रमाणात त्याची रुंदी सुमारे ८७ इंच, म्हणजे सव्वासात फूट, आणि उंची ४९ इंच भरते. पडद्याने प्रेक्षकाच्या नजरेत निदान ३० अंशांचा कोन व्यापावा, असा चित्रपट-अभियंत्यांच्या ‘एसएमपीटीई’ या संस्थेचा सर्वत्र वापरला जाणारा दंडक आहे. चित्रपटगृहांच्या दर्जाचे प्रमाणपत्र देणारे ‘टीएचएक्स’वाले तो ४० अंशांच्या आसपास न्यावा म्हणतात. आपल्या पडद्याला हे गणित लावले तर ३० अंशांसाठी डोळे पडद्यापासून साडेतेरा फुटांवर आणि ४० अंशांसाठी दहा फुटांवर यायला हवेत. म्हणजे मोठ्यांची डोकी दहा ते साडेतेरा फुटांच्या पट्ट्यात असली पाहिजेत. जमिनीवर खडूने या दोन रेघा ओढा. खुर्चीचा विचार त्यानंतर.

आता दोन रांगांचे पाहू. साधारण रिक्लायनर बंद असताना सव्वातीन फूट खोल असतो, पण पाय आणि पाठ पूर्ण उघडल्यावर तो साडेपाच ते सहा फूट जागा घेतो. दुकानात तो बंद अवस्थेत मांडलेला असल्यामुळे दोन रांगा ‘सहज बसतात’. पहिल्या रांगेतल्या माणसाचे डोळे दहा फुटांवर धरले तर त्याच्या आसनाची पाठ अकरा फुटांवर येते. मागे निदान एक फूट वाट सोडली तर दुसऱ्या रांगेचे पाय बारा फुटांपासून सुरू होतात आणि तिची पाठ साडेसतरा-अठरा फुटांवर, म्हणजे थेट भिंतीवर जाऊन टेकते. नकाशात हे बसते. कानाला मात्र बसत नाही.

कारण बंद खोलीत खर्जाचे आवाज भिंतींवर आपटून परत येतात आणि काही ठिकाणी साठतात, तर काही ठिकाणी एकमेकांना मारून टाकतात. १८ फूट लांबीच्या खोलीत हा खेळ सुमारे ३१ हर्ट्झच्या खर्जापासून सुरू होतो. भिंतीला डोके टेकून बसलेल्याला ढोल अंगावर आल्यासारखा घुमतो, तर खोलीच्या बरोबर मध्यावर, नऊ फुटांवर बसलेल्याला तोच खर्ज जवळजवळ नाहीसा झालेला जाणवतो. स्पीकर कितीही भारी असला तरी या दोन जागांवर त्याचा इलाज चालत नाही. आसन पुढेमागे सरकवणे हाच उपाय. खात्री करायची असेल तर सबवूफरवर, म्हणजे खर्जाच्या स्पीकरवर, खर्जाचा एकच सूर लावून ठेवा आणि कान आसनाच्या उंचीला येतील इतके वाकून खोलीभर सावकाश चाला. घरचे हसतील, पण आवाज कुठे फुगतो आणि कुठे बुडतो ते दोन मिनिटांत कळेल.

आपल्या खोलीत मी तीन रिक्लायनरची एकच रांग अशी मांडीन की मोठ्यांचे डोळे साडेबारा फुटांवर येतील. पडदा तेव्हा ३२ अंशांचा कोन व्यापतो, पाठ साडेतेरा फुटांशी संपते आणि मागे साडेचार फुटांची मोकळी वाट राहते. पाय उघडले की ते आठ फुटांच्या खुणेपर्यंत येतात. त्यांच्या पुढे, पडद्यापासून सात-आठ फुटांवर, मुलांसाठी चक्क गादी अंथरून लोड-तक्क्यांची बैठक घाला. मुलांना जवळून पाहायला आवडतेच. पडद्याची खालची कड जमिनीपासून ३० इंचांवर ठेवली तर वरची कड ७९ इंचांवर येते आणि गादीवरून तिच्याकडे पाहताना मान सुमारे ३० अंश वर करावी लागते. ३५ अंशांच्या पलीकडे मान दुखू लागते; ती मर्यादा आपण ओलांडत नाही.

मुलांची डोकी मोठ्यांच्या आड येतील का, हेही मोजता येते. रिक्लायनरमध्ये रेललेल्या माणसाचा डोळा साधारण ३८ ते ४० इंच उंचीवर असतो. तिथून पडद्याच्या खालच्या कडेपर्यंत सुतळी ताणली तर ती मुलांच्या जागी सुमारे ३५ इंच उंचीवरून जाते. गादीवर बसलेले शाळकरी मूल तिच्या खालीच राहते. गणपतीला आलेला एखादा उंच मामा तिथे ताठ बसला, तर मागून ओरड होणार. त्याला लोडावर रेलायला सांगावे.

एक इशारा रुंदीचाही आहे. प्रत्येकी तीन फूट रुंदीची तीन आसने नऊ फूट घेतात आणि दोन्ही बाजूंना दीड-दीड फूटच उरते. बाजूचे स्पीकर कानाच्या रेषेत त्या दीड फुटावर टांगले, तर कडेला बसणाऱ्याला फक्त तेच ऐकू येतील. ते आसनाच्या थोडे मागे आणि कानापेक्षा फूटभर वर न्या. मधला हात दोघांत सामायिक असलेला नमुना मिळाला तर आणखी काही इंच सुटतात.

प्रश्न : आमच्या गावात जूनपासून चार महिने पावसाला खंड नसतो. पाहुण्यांच्या खोलीतला जुना रेक्झिनचा सोफा फुगून सोलला. आता चित्रपटांच्या खोलीसाठी अस्सल चामड्याचे आसन घ्यावे, की पुन्हा रेक्झिन, की कापड?
– एक वाचक, खानापूर तालुका

उत्तर : आपल्याकडील हवेत मी कापडाच्या बाजूने आहे, आणि त्याची दोन स्वतंत्र कारणे आहेत.

पहिले कारण ओलाव्याचे. बाजारात ‘लेदरेट’ किंवा ‘पीयू’ म्हणून जे मिळते, ते कापडावर पॉलियुरेथेनचा पातळ थर बसवून केलेले असते. दमट हवेतले पाणी त्या थराच्या रेणूंची बांधणी हळूहळू तोडते. थर आधी चिकट होतो, मग त्याला बारीक भेगा पडतात आणि शेवटी नखाएवढ्या खपल्या सुटू लागतात. उन्हाळ्यात अर्ध्या चड्डीवर बसून उठलेल्या मुलाच्या पोटऱ्यांना चिकटलेले काळे कपटे आपण पाहिले असतीलच. ही झीज वापरापेक्षा हवेमुळे होते, म्हणून झाकून ठेवलेला सोफाही सुटत नाही. उलट प्लास्टिकच्या आवरणाखाली ओलावा कोंडला जाऊन तो लवकर जातो. पीव्हीसीचे जुने जाड रेक्झिन या बाबतीत अधिक टिकाऊ असते, परंतु दोन-अडीच तासांच्या चित्रपटात पाठीला घाम आणते. अस्सल चामडे सोलत नाही, पण बंद खोलीत पावसाळ्यात त्यावर पांढरी-हिरवी बुरशी धरते. आठवड्याला कोरड्या फडक्याने पुसण्याची आणि वर्षातून दोनदा चामड्याचे मलम लावण्याची तयारी असेल, तरच त्याच्या वाटेला जावे.

दुसरे कारण आवाजाचे. गुळगुळीत चामडे किंवा रेक्झिन वरच्या पट्टीचे आवाज परत फेकते. कापड आणि त्याखालचा फोम ते शोषून घेतात. रिकाम्या खोलीत टाळी वाजवा, नंतर कापडी सोफा आणि गालिचा ठेवून पुन्हा वाजवा; फरक ऐकायला यंत्र लागत नाही. डोक्यामागची उशी फार उंच आणि कानांच्या बाजूने वळलेली असेल, तर मागच्या स्पीकरचा आवाज कानापर्यंत पोहोचतच नाही, म्हणून ती मानेपर्यंत किंवा फार तर डोक्याच्या मध्यापर्यंत येणारी असावी.

कापड घट्ट विणीचे पॉलिएस्टर घ्या. सुती कापड ओलावा धरून ठेवते. रंग गडद असावा आणि आवरण चेन लावून काढता येईल असे शिवून घ्यावे, कारण सप्टेंबरनंतर ते एकदा उन्हात पडले पाहिजे. आसन भिंतीपासून सहा इंच सुटे ठेवा, म्हणजे मागून हवा खेळेल.

आतल्या सामानाबद्दल आपण विचारलेले नाही, तरी लिहितो, कारण सोफा बिघडतो तो बहुधा आतून. सुताराकडून करून घेणार असाल तर सांगाडा सागवानाचा किंवा आयएस ७१० शिक्क्याच्या मरीन प्लायचा असावा. स्वस्त प्लाय पावसाळ्यात स्क्रूची पकड सोडते आणि मग आसन कुरकुरू लागते. शांत प्रसंगात ती कुरकुर पडद्यावरच्या संवादापेक्षा मोठी वाटते. बैठकीसाठी ४० घनतेचा फोम आणि पाठीसाठी ३२चा पुरेसा होतो. हे आकडे घनमीटरला किलो असे असतात. घनता म्हणजे कडकपणा नव्हे. घनता टिकाऊपणा सांगते, मऊपणा वेगळा निवडावा लागतो. गादीवाल्याला फोमचा तुकडा कापून तुमच्यासमोर वजन करायला सांगा. एक फूट लांब, एक फूट रुंद आणि चार इंच जाड असा ४० घनतेचा तुकडा सुमारे ३७५ ग्रॅम भरतो. तो अडीचशे ग्रॅम भरला, तर पुढचे बोलणे वेगळ्या सुरात करावे.

प्रश्न : आमचे मामंजी ७८ वर्षांचे असून त्यांचे गुडघे दुखतात. त्यांच्यासाठी मोटरचा रिक्लायनर घ्यावा की हाताने ओढायच्या खटक्याचा? आमच्याकडे वीज अधूनमधून जाते. घरात दोन वर्षांचा नातूही आहे.
– एक वाचिका, निपाणी

उत्तर : मोटरचाच घ्यावा. खटक्याचा रिक्लायनर बंद करताना पायाने पट्टी खाली दाबावी लागते आणि दुखऱ्या गुडघ्याला नेमके तेच जमत नाही. मात्र वीज गेली की उघडा रिक्लायनर उघडाच राहतो आणि मामंजींना त्यातून एकट्याने उतरता येणार नाही, म्हणून बॅटरीचा पर्याय असलेला नमुना मागा किंवा आसनाचा प्लग इन्व्हर्टरच्या जोडणीवर घ्या. या मोटरींना अडॉप्टरमधून बहुधा २९ व्होल्टचा डीसी पुरवठा होतो, तेव्हा इन्व्हर्टरवर मोठा भार पडत नाही. प्लगची जागा फरशी बसवण्याआधी आसनाखाली काढून घ्यावी. चालत्या वाटेवरची वायर वृद्धांसाठी रिक्लायनर नसण्यापेक्षा वाईट.

बैठकीची उंची १८ ते २० इंच हवी. पुष्कळ आधुनिक आसने १६-१७ इंचांचीच असतात आणि फोम दबल्यावर आणखी दोन इंच खाली जातात. दुकानात मामंजींना सोबत न्या, त्यांना पंधरा मिनिटे बसवा आणि हातांचा आधार घेऊन त्यांना एकट्याने उठू द्या. त्यांच्यासाठी चाचणी बसण्याची नाही, उठण्याची आहे.

नातवाविषयी : पायाची पट्टी आणि बैठक यांच्यामधली फट लहान मुलाला खेळायची गुहा वाटते. मिटणारी पट्टी तिथे शिरलेले डोके किंवा हात चिरडू शकते. आसन मिटण्याआधी खाली वाकून पाहण्याची सवय घरातल्या प्रत्येकाने लावून घ्यावी आणि चित्रपट संपल्यावर प्लग काढून ठेवावा.

प्रश्न : शेतावरच्या घरात २६ फूट लांब सभागृहासारखी खोली आहे. १२० इंची पडदा आणि दोन रांगा हव्या आहेत. मागच्या रांगेसाठी ओटा किती उंच बांधावा? गवंडी दीड फूट म्हणतात.
– एक वाचक, संकेश्वर

उत्तर : आपल्या खोलीत दोन रांगा खरोखर बसतात. पहिल्या रांगेचे डोळे ११ फुटांवर आणि दुसरीचे १७ फुटांवर धरा. ओट्याची उंची मात्र पडदा किती उंच लावता यावर ठरते, आणि हे गवंड्याला कुणी सांगितलेले नसते. पुढच्या माणसाचा डोळा ४० इंचांवर असेल तर त्याच्या डोक्याचा माथा ४५ इंचांवर येतो. पडद्याची खालची कड २६ इंचांवर ठेवली, तर त्या माथ्यावरून ती कड दिसण्यासाठी मागच्याचा डोळा सुमारे ५५ इंचांवर लागतो, म्हणजे ओटा १५ इंचांचा होतो. तीच कड ३२ इंचांवर नेली की मागच्याला ५२ इंच पुरतात आणि ओटा १२ इंचांवर भागतो. पडदा सहा इंच वर नेण्याला खर्च शून्य आहे, आणि पहिल्या रांगेतल्याची नजर पडद्याच्या वरच्या कडेला तरीही २१ अंशांपलीकडे जात नाही.

१२ इंचांचा ओटा म्हणजे सहा-सहा इंचांच्या दोन पायऱ्या. पायरीच्या कडेला मंद दिवा हवा, कारण अंधारात चहा आणणारी व्यक्ती बहुधा घरातली सर्वांत दमलेली व्यक्ती असते. ओट्याची खोली निदान सहा फूट ठेवा, नाहीतर मागच्या रांगेचे पाय उघडल्यावर हवेत लोंबकळतील. विटांचा भरीव ओटा चालेल. लाकडी सांगाड्यावर प्लाय ठोकून करणार असाल तर आत काचलोकर किंवा रॉकवूल भरा. पोकळ ओटा खर्जाच्या प्रत्येक ठोक्याला नगाऱ्यासारखा घुमतो.

प्रश्न : कपहोल्डरभोवती निळा दिवा असलेली पांढरी आसने चांगली दिसतात. घ्यावीत का?
– एक वाचक, हिंदवाडी

उत्तर : पांढऱ्या आसनांवर पडद्याचा उजेड पडून तो पुन्हा पडद्यावर जातो आणि काळा रंग राखाडी दिसू लागतो. निळा दिवा बंद करता येत असेल तर हरकत नाही. कपहोल्डर मात्र उचलून धुता येणारा घ्या. त्यात सांडलेला चहा आणि कुंद्याचे कण यांना मुंग्या लागायला एक रात्र पुरते.

प्रश्न : भंगारवाल्याकडून एका बंद पडलेल्या टॉकीजमधल्या चार खुर्च्यांची जोडरांग घेतली आहे. बाजू ओतीव लोखंडाच्या आणि बैठक आपोआप वर मिटणारी आहे. पण घरी ठेवल्यावर त्या मागे झुकतात आणि डुगडुगतात. काही करता येईल का?
– एक वाचक, अनगोळ

उत्तर : आपल्या खुर्च्यांत दोष नाही, आपली फरशी सपाट आहे, एवढेच. टॉकीजची जमीन पडद्याकडे उतरती असे आणि खुर्चीच्या लोखंडी पायाचा तळ त्या उतारानुसार तिरका ओतलेला असे, म्हणजे उतारावर खुर्ची सरळ राही. सपाट फरशीवर तो तिरकेपणा उलटा उघडा पडतो. शिवाय या खुर्च्या जमिनीत बोल्टने घट्ट केलेल्या असत. स्वतःच्या पायांवर उभ्या राहण्यासाठी त्या बनलेल्याच नाहीत.

चारही खुर्च्यांच्या लांबीची, दोन फूट रुंद आणि दीड इंच जाड अशी सागवानी फळी किंवा दोन थर चिकटवलेला मरीन प्लाय घ्या आणि प्रत्येक पाय त्यावर बोल्टने बसवा. पाय आणि फळी यांच्यामध्ये पाचर लागेल. ती मोजण्यासाठी पाण्याची पातळी दाखवणारी नळी खुर्चीच्या हातावर ठेवा आणि हात सरळ होईपर्यंत पायाच्या मागच्या कडेखाली पत्र्याचे तुकडे सारत जा. त्या तुकड्यांची जाडी म्हणजेच पाचरीची जाडी. उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतला कोणताही फॅब्रिकेटर एवढ्या मापाची पोलादी पाचर करून देईल. ती पायाला वेल्ड करू मात्र देऊ नका. ओतीव लोखंड अचानक तापले आणि निवले की तडकते, आणि तो पाय पुन्हा मिळणार नाही. पायातल्या जुन्याच भोकांतून बोल्ट घाला.

या खुर्च्या जेमतेम २० ते २२ इंच रुंद असतात, तेव्हा चौघांना दाटीवाटीने बसावे लागेल; टॉकीजमध्येही तसेच बसत होतो. मूळ काथ्या काढून तीन इंचांचा दाट फोम घाला, पण त्याहून जाड घालू नका. बैठक वर मिटताना पाठीत अडकेल.